फुलीवाले शब्द

निंबाले फुलोरा आला का मले धडकी भरते. लोकाइले तो वास गोड लागते, झाडाखाली बाज टाकून पडतेत, अन् मी मात्र खिडकी लावून घेते. कारण निंब फुलला म्हणजे परीक्षा आल्या, अन् परीक्षा आल्या म्हणजे कोणी ना कोणी मले काहीतरी विचारणार, अन् मले ते येणार नाही. एवढी मोठी झाली, आंगावर दवाखान्याचं पांढरं लुगडं आलं, सुया टोचते, बायाइची बाळंतपणं करते, अन् तरी ही धडकी जात नाही म्हणजे जात नाही.

आज तर विचारणारी घरातलीच निघाली.

सुजाता, माझी पोरगी, पहिलीत हाय. दुपारी तोंडी परीक्षा देऊन आली, उन्हानं तोंड लालबुंद, पाटी दाराले टेकवली, रांजणातलं पाणी गटागटा पेली अन् ओठ पुसता पुसता तिनं एक शब्द उच्चारला अन् म्हणे, "माय, हे म्हणजे काय वं?"

तो शब्द मी इथं लिहीत नाही. आमच्या घरात तो बोलत नाहीत. दीक्षा घ्याच्या आधी गावानं आमच्या अख्ख्या वस्तीले जो चिकटवला होता, तो. सुजाता दीक्षेच्या नंतर जन्मली, आमच्या घरातलं पहिलं लेकरू, ज्याच्या कानावर तो पडलाच नव्हता. आज पडला.

"कोण म्हणलं तुले?"

"वर्गातली बाजूची पोट्टी. म्हणे माझ्या पाटीले हात नोको लावू, तू ते हायेस. मी म्हणलं, मी सुजाता हाये. तर साऱ्या हासल्या." मंग जरा थांबून म्हणे, "परीक्षेत येते का वं माय हा शब्द?"

तव्यावरची भाकर जळून राहिली होती अन् मले वास येत होता, पण हात हालत नव्हता. बाजेवर मामाजी, माझे सासरे, विंझण्यानं वारा घेत पडले होते. डोळ्यात मोतीबिंदू, पण कान तिखट. विंझणा थांबला.

"हातपाय धू," मी म्हणलं. "मंग सांगते."

पोरगी न्हाणीत गेली. आता हातपाय धुवाले लेकराले किती वेळ लागते? तेवढ्यात मले ठरवाचं होतं का हिले काय सांगू. खरं सांगू तर तो शब्द आपल्या हातानं तिच्या आंगाले लावल्यावाणी होते. खोटं सांगू तर उद्या ती पोट्टी हायेच तिथं, सांगाले. पाण्याचा आवाज येऊन राहिला होता अन् माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं. ते पुस्तक. तो उन्हाळा. ते मेलेले शब्द.

तवा आमी अमरावतीले होतो, कॅम्पाच्या मांगच्या वस्तीत. सुजाता आंगावर पीत होती. तिचे बाबा जिनात होते, जिथं कपाशीतली सरकी काढतेत तिथं. संध्याकाळी घरी येत तवा भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, जवान माणूस म्हातारा होऊन दारात उभा राहे, अन् खोकला असा का उतरंडीतले गाडगे वाजत. हंगाम सरला का जिन बंद, अन् जिन बंद म्हणजे चूल कशावर पेटवाची ते पाहा.

मामाजीनं जवानीत कॅम्पातल्या एका साहेबाचे घोडे सांभाळले होते. साहेब आपल्या देशाले गेला तवा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. खुर्च्या गेल्या, आरसे गेले, घोडे गेले. एक जाडजूड पुस्तक मात्र कोणी घेतलं नाही. वाऱ्यानं दार आपटू नये म्हून ते दाराशी लावून ठेवत, एवढाच त्याचा उपेग. मामाजीनं ते उचललं, घोड्याच्या झुलीत गुंडाळलं अन् घरी आणलं. एकीकडं इंग्रजी शब्द अन् समोर त्याचा मराठी अर्थ. सुरवातीची पानं उंदराइनं खाल्लेली.

मामाजीले इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. मराठीही बोट ठेवून ठेवून, जोडून जोडून वाचत. पण त्याइच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. म्हणत, "बाई, साहेबानं मले शिव्या देल्या असतीन, चाबूकही दाखवला असन. पण तो शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाई. कावून नाई निघाला? त्याच्या भाषेत तो शब्दच नाई. मंग आपण त्या भाषेत राह्याले जाऊ."

जसं काही भाड्याची खोली बदलून राहिले! मले हासू ये. पण रात्रंदिवस माणूस एकच गोष्ट म्हणत असला का ती आपल्यालेही खरी वाटाले लागते.

मंग कोणीतरी सांगतलं का अकोल्याच्या दवाखान्यात नर्सबाईचं शिक्षण देतेत, सातवी झालेल्या बाया घेतेत, राह्याले खोली देतेत. पण मुलाखत हाय अन् इंग्रजी विचारतेत. मी सातवी. म्हणजे निकाल अन् लगन एकाच महिन्यात लागलं, तेवढी सातवी. मी तर नाहीच म्हणलं. मामाजीनं मात्र दुसऱ्या दिवशी झूल सोडली.

एवढं थोरलं पुस्तक, सुरू कुठून करणार? मंग मलेच दिसलं. काही काही शब्दाच्या आंगी एक बारीक खूण होती, एक उभी रेघ अन् वरतं एक आडवी. फुली. आमच्या शाळेत मास्तर महत्त्वाच्या प्रश्नाले फुली कराले लावत, "हे येणार म्हणजे येणार" म्हणत. मी मामाजीले दाखवलं. ते पुस्तक डोळ्याजवळ नेऊन म्हणे, "अवं, हा तर साहेबाच्या देवाचा क्रूस! जे शब्द त्याले जिवाहून प्यारे, त्याइलेच त्यानं देवाची खूण केली असन." दोघाइचंही एकमेकाले पटलं. आधी फुलीवाले सारे पाठ कराचे, बाकीचे मंग पाहू.

काय सांगू त्या दिवसाचं! पहाटं अंगण सारवता सारवता शब्द, जवारी निसता निसता शब्द. ओव्हरमॉरो म्हणजे परवा. येस्ट्रीन म्हणजे कालची सांज. स्वेव्हन म्हणजे सपन. रूथ म्हणजे दया. एल्ड म्हणजे म्हातारपण. लीच म्हणजे वैद्य. पोरीले पाळण्यात घातलं का गाणं नाही, शब्दच. स्वेव्हन, स्वेव्हन, करत झोका द्याचा, अन् ती शहाणी टकटक पाहत झोपी जाये. दुपारी जिनाच्या फाटकावर डबा घेऊन जाये तवा वाटेत साहेबाइचं कबरस्थान लागे. बुटकी भिंत, आत वाळलेलं गवत, अन् गवतात वर आलेले दगडाचे क्रूस, उभी रेघ अन् आडवी रेघ, रांगेनं. रोज त्याच्या जवळून गेली. तोंडानं तेच शब्द घोकत गेली. डोळे होते का नव्हते मले, काय माहीत.

फाटकावर तिचे बाबा डबा घेत अन् साऱ्या कामकऱ्याइपुढं म्हणत, "काय म्हणते आमची मडम? आज काय कालवण हाय तुमच्या इंग्रजीत?" सारे हासत. मी तोंडावर पदर घेऊन पळे, पण आतून मले बरं वाटे. मडम! कोणी मडम म्हणलं होतं का आमच्या घराण्यात कोणाले?

अन् मंग अकोला.

बडनेऱ्यावरून गाडी धरली. मी, मामाजी, मांडीवर पोरगी, अन् झुलीत गुंडाळलेलं पुस्तक. मामाजी म्हणे, सोबत राहू दे. अकोल्याचं ऊन तुमाले माहीतच हाय, जमिनीतून वर येते. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर वेण्या घातलेल्या पोरी बसल्या होत्या, कोणाच्या पायात चप्पल, कोणाच्या हातात घड्याळ. मामाजी पोरीले घेऊन बाहीर सावलीत बसले अन् मले आत बोलावलं.

मेट्रनबाई जाड भिंगाच्या चष्म्याची, गळ्यात सोन्याचा इटुकला क्रूस. बाजूले एक डॉक्टर. तिनं इंग्रजीत काहीतरी विचारलं, त्यातलं मले "व्हेन" अन् "कम" एवढं समजलं. कवा येशीन. मी छाती फुगवून म्हणलं, "ओव्हरमॉरो, मॅडम."

ती म्हणे, "काय?"

मले वाटलं ऐकू आलं नाही. अजून जोरानं म्हणलं. मंग वाटलं आता सुटलीच हाय तर सारं सांगून टाकावं, अन् मी डॉक्टरसाहेबाकडं हात करून, नमस्कार करून म्हणलं, "ही इज लीच, मॅडम. गुड लीच."

डॉक्टर असा ठसकला का त्याले पाणी पाजा लागलं. मले काय माहीत का आता त्या शब्दाले जळू म्हणतेत! मले वाटलं त्याले आनंद झाला. मी हासली बी.

मेट्रनबाई हासली नाही. तिनं चष्मा काढला, मले जवळ बोलावलं अन् मराठीत म्हणे, "हे शब्द तुला कुणी शिकवले, बाळ?"

मी सारं सांगतलं. पुस्तक, झूल, फुली. फुलीवाले सारे पाठ हायेत म्हणलं, विचारा कोणताही. तिचा हात गळ्यातल्या क्रूसाकडं गेला अन् तिथंच राहिला.

"अगं," ती हळू म्हणे, "ती खूण केलेले शब्द मेलेले असतात."

मले समजलंच नाही. "मेलेले? म्हणजे?"

"मेलेले. आता कुणी बोलत नाही ते. फार जुने. तुझ्या आजीच्या आजीच्याही आधी कधीतरी गेले. जुन्या पुस्तकात कुणाला भेटले तर अर्थ कळावा, म्हणून छापून ठेवतात. आणि पुढे ही खूण."

शब्द मरतेत? माणूस मरते, बैल मरते, झाड मरते. शब्द कसा मरन? त्याले काय ताप येते? माझ्या कानात वारं शिरल्यावाणी झालं. डोळ्यापुढं ते कबरस्थान आलं, ते क्रूस, रांगेनं, अन् हरेक क्रूसाखाली माझा एक एक शब्द झोपलेला. अन् हे मी माझ्या लेकराच्या कानात घातलं! पाळण्यात घालून, झोका देऊन, मेलेले शब्द! बाहीर पोरगी रडाले लागली अन् माझं दूध सुटलं, चोळी ओली झाली, अन् मी तशीच उभी मेट्रनबाईपुढं. एकच गोष्ट तोंडातून निघाली. "मंग आता परवाले काय म्हणतेत?"

तिनं सांगतलं. चार शब्द जोडून म्हणा लागते म्हणे. उद्याच्या नंतरचा दिवस.

बाप्पा! चांगला एक शब्द होता घरात, तो मरू देला अन् आता चार शब्दाइची मोळी डोक्यावर घेऊन चालतेत. मले तर त्या भाषेची दया आली. परवा नाही म्हणजे काय? आमी तर परवावरच जगतो. परवा चुकारा भेटन, परवा पाणी येईन, परवा बरं वाटन.

"यादी परवा लागेल," मेट्रनबाई म्हणे. मी दारापाशी गेली तवा मांगून आवाज आला, "ओव्हरमॉरो." मी वळून पाह्यलं तर ती कागदाकडं पाहत होती.

मामाजीले सांगाची हिंमत नव्हती. तरी सांगतलं, कसं लपवणार? ते पोरीले थोपटत होते. हात थांबला. मंग एकदम, जसं काही कोणी चिमटा घेतला, म्हणे, "शब्द मरतेत? खरंच मरतेत?"

"ती बाई म्हणे."

"कोण मारते त्याइले?"

"कोणी नाही. लोक बोलाचे बंद होतेत म्हणे, मंग मरतेत."

"मंग आपला तो कावून मरून नाई राहिला?"

मी पोरीले त्याइच्याजवळून घेतलं अन् पदराखाली धरलं.

अकोल्यात आमच्या एका नात्यातल्या बाईच्या घरी दोन दिवस राहिलो. ती कामाले जाये, घरात आमीच. भर दुपार, तुराट्याच्या भिंतीतून ऊन आत यून जमिनीवर बारीक बारीक पट्टे पडलेले, अन् मी झूल सोडून बसली. म्हणलं आता जित्ते शब्द पाठ करू, बिनफुलीचे. यादीत नाव लागो न लागो. पानं उलटत गेली, उलटत गेली. पुस्तकाच्या मधात कुठंतरी एका इंग्रजी शब्दापुढं मराठी अर्थ पाह्यला अन् पुढचं पान उलटलंच नाही.

तोच. आमचा. काळ्या शाईत छापलेला. ज्या भाषेत राह्याले जाचं म्हणत होतो त्या घरात तो आधीच यून बसला होता.

"काय झालं वं?" मामाजी म्हणे.

मी पुस्तक झाकत होती, पण त्याइनं हात धरला. ओढून घेतलं. बोट ठेवून, अक्षर जोडून जोडून त्याइनं वाचलं, आपल्याच तोंडानं. पयलं अक्षर, दुसरं अक्षर, काना. वाचून झाल्यावर बोट तिथंच राहिलं. माशी यून बसली बोटावर, तरी हालले नाहीत.

मंग विचारलं, "फुली हाय का याच्यापुढं?"

"नाही, मामाजी."

"म्हणजे जित्ता हाय."

परवा मेला, सपन मेलं, दया मेली, अन् हा जित्ता. पुढं शिक्षणात मले समजलं का त्याइच्यात रूथ म्हणजे दया गेली, पण त्याच शब्दाले शेपूट लावून झालेला 'रूथलेस', म्हणजे निर्दय, तो अजून धडधाकट फिरते. तवाही मले असंच झालं होतं, हातातलं भांडं पडल्यावाणी.

मामाजीनं पेन्सिल मांगतली. त्याइच्या हाताले घोड्याचा लगाम माहीत, पेन्सिल नाही. मुठीत धरली, जसा खुंटा धरतेत. अन् त्या शब्दापुढं एक उभी रेघ मारली, वाकडी, अन् वरतं एक आडवी. कागद जरा फाटला.

"आपण बोलाचं बंद केलं," म्हणे. "आता बाकीच्याइचं राहिलं."

त्या परवाले यादी लागली. माझं नाव सगळ्यात खाली होतं. मेट्रनबाई मले म्हणे, मेलेले एवढे पाठ केलेस, तर जिवंत औषधांची नावं तुला काय जड! मी तिच्या पाया पडली. मामाजी व्हरांड्यात उभे राहून यादी पाहत होते, इंग्रजी यादी, अन् विचारत होते, "कोणतं? कोणतं आपलं?" मी बोट ठेवलं. नाव अन् आडनाव, बस. पुढं मांग काही नाही.

आता आमी अकोल्यातच राहतो, दवाखान्याच्या खोलीत. तिचे बाबा कापूस बाजारात तोलाईले जातेत, खोकला कमी हाय. बाजारात नवे पैसे आले, शेर गेले, किलो आले. तरी भाजीवाली मले चार आणेच सांगते. आणा मेला, शब्द फिरूनच राहिला. मले वाटे आपला बी तसाच असन, पोकळ, आत काही नाही, आपोआप झडन. इथं अकोल्यात कोणाले माहीत? पांढरं लुगडं पाहून लोक सिस्टर म्हणतेत. मी निचिंत झाली होती. अन् आज तो शब्द माझ्या लेकराच्या तोंडात बसून घरी आला. पहिलीतल्या पोट्टीनं देला. तिले कोणी देला असन? तिच्या मायनं. म्हणजे कुठं कुठं चुलीपाशी तो अजून जेवून राहिला, पाणी पिऊन राहिला.

न्हाणीतला आवाज बंद झाला.

सुजाता ओल्या पायानं आली, जमिनीवर पावलं उमटवत. "सांग ना माय."

ओव्हरमॉरो म्हणणारी मी, मेट्रनबाईपुढं उभी होती तशीच उभी.

"पुस्तक काढ," मामाजी बाजेवरून म्हणे.

मी पेटीतून झूल काढली. घोड्याचा वास अजून येते तिले. पान शोधा लागलं नाही, फाटलेला कागद बोटाले लागला. पोरीपुढं ठेवलं. ती आता वाचते ना, तिनं बोट ठेवलं, अक्षर जोडून जोडून, अगदी आजासारखं. वाचलं अन् वर पाह्यलं.

"हाच तो शब्द!"

"हो."

"याले फुली कोणी केली?"

"आबानं." मी मामाजीकडं बोट दाखवलं.

"फुली म्हणजे चुकला?" तिच्या पाटीवर बाई फुली करते, चुकलं का.

"चुकला तर हायेच," मी म्हणलं, अन् माझा आवाज मलेच अनोळखी वाटला. "आपल्याले त्या नावानं हाक मारणारे चुकले. म्हून आबानं फुली केली. फुली म्हणजे शब्द मेला."

तिनं विचार केला. "मेला तर ती पोट्टी कशी बोलली?"

मी मामाजीकडं पाह्यलं. त्याइले काही दिसत नाही आता, पण ते बरोब्बर पोरीकडं तोंड करून बसले होते.

"मेला नाई बाई अजून," म्हणे. "मरून राहिला."

"लय वेळ लावते!"

"हो ना. दांडगा हाय."

सुजातानं खिडकीतली माझी पेन्सिल घेतली, जिच्यानं मी पेशंटाइचा ताप लिहते. आजाच्या वाकड्या फुलीवर तिनं आपली फुली गिरवाले घेतली, जीभ बाहीर काढून, एवढा जोर देऊन का टोक कटकन मोडलं.

"मोडली," ती म्हणे.

"टोक करून दे वं तिले," मामाजी म्हणे.

मी विळी घेऊन बसली. छिलके पायावर पडत होते, अन् पोरगी मांडीले गुडघा टेकून वाट पाहत होती. बाहीरून निंबाचा वास घरभर यून राहिला होता. खिडकी लावाचं मले ध्यानातच राहिलं नाही.